चंद्रस जागा आहे

९ फेब्रुवारी

प्रिय चिऊ,

उत्तराला उशीर झाला. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी इतक्या लांबून माझं काय वाकडं करणार आहेस?

बातमी मोठी आहे. नव्या नाट्यगृहाच्या सगळ्या दारांचं काम तुझ्या दादाला मिळालं. जुन्या नाट्यगृहाची दारं बाबांनी तरुणपणी केली होती आणि त्यांची चकाकी अजून जशीच्या तशी आहे, म्हणून त्या लोकांना तसंच व्हार्निश हवंय. डब्यातलं आयतं पॉलिश चालणार नाही, लाख-स्पिरिटही नाही. चंद्रसाचे खडे वितळवून जवसाच्या तेलात शिजवायचे, अगदी जुन्या पद्धतीनं. बाबा थकल्यापासून खालच्या कारखान्यात हे कुणी केलं नव्हतं. तुझा दादा आणि मिस्त्री आठवून आठवून करतायत. पहिल्या खेपेला चंद्रस नीट वितळण्याआधीच तेल ओतलं आणि पातेल्यात नुसत्या गुठळ्या झाल्या. बाबा वरून जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "आधी त्याला रडू दे, मग तेल दे." खरोखर, वितळून फेस बसेपर्यंत थांबल्यावर जमलं. आता काचेवर थेंब टाकून बोटानं तार बघतात, पाकाची बघतो तशी. घरभर वास आहे. लिंबाच्या सालीसारखा, पण जरा जळका. पाहुणे नाक मुरडतात, मला आवडायला लागलाय.

बाबांची तब्येत बरी. विसरणं वाढलंय. कधी मला तुझ्या आईच्या नावानं हाक मारतात, मी ओ देते. एक गंमत सांगते. खालून चंद्रसाचे खडे उचलून आणतात आणि खोलीत बसून पारखतात. चमच्यात खडा ठेवायचा, खाली काडी धरायची आणि नाक लावून बसायचं. राळेची भेसळ असेल तर काळा धूर येतो म्हणे. परवा काडी चटईवर पडली, वाटीएवढं भोक पडलं. मी लगेच पाणी टाकलं. छकुली म्हणते, आजोबांनी चटईला खिडकी केली. एवढंच. काळजीचं काही नाही.

पत्रातच लिहितेय, कारण फोन बैठकीत आहे आणि बाबा दिवसभर तिथेच बसून असतात.

तुझी,
वहिनी

१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काळजीचं काही नाही असं तू लिहितेस तेव्हा मला घाम फुटतो. तुला लग्नाआधीपासून ओळखते.

मी काय काम करते ते तुला माहीत आहे. भाजलेल्यांच्या वॉर्डात रोज एक तरी माणूस असा येतो, ज्याच्या घरचे म्हणतात, एवढंसंच होतं, आम्ही लगेच पाणी टाकलं. मी त्यांच्या पट्ट्या सोडवते. सोडवताना ते ओरडतात आणि मी गाणं गुणगुणते, म्हणजे माझे हात थांबत नाहीत. तुम्ही माझ्या हाताखाली यावं अशी माझी इच्छा नाही.

लक्षात घे, तुमच्या घराखाली जवसाचं तेल आहे, टर्पेंटाइनचे डबे आहेत आणि पोतीभर चंद्रस आहे. चंद्रस झाडाचा चीक असला तरी पेटला की लाकडापेक्षा जोरात जळतो. आणि जिना एकच आहे, तोही लाकडी. बाबांची खोली नेमकी त्या जिन्याच्या तोंडाशी.

काड्यापेट्या सगळ्या उचल. त्यांच्या उशीखाली बघ, कोटाच्या खिशात बघ, चपलेत बघ. आणि मला खरं सांग. चटईच्या आधी आणखी काही झालं होतं का?

माझी रजा मंजूर होत नाहीये. दोघी जणी काम सोडून गेल्यात, त्यामुळे आम्ही उरलेल्या दुप्पट पाळ्या करतोय.

चिऊ

२ मार्च

प्रिय चिऊ,

चटईच्या आधी काही झालं नव्हतं. नंतर झालंय.

तुझं पत्र आल्याबरोबर काड्यापेट्या उचलल्या. तीन सापडल्या, तू सांगितलंस तिथेच, एक खरंच चपलेत. शेगडीची काडीपेटी मी कमरेला खोचून ठेवते. तरी परवा सुटीच्या दिवशी, कारखाना बंद असताना, दुपारी मी जिना उतरत होते तर जळका वास आला. चंद्रस शिजतो तसा नाही. कुबट, जळक्या चिंधीचा. खाली कोपऱ्यात ती मोठी टोपली असते बघ, पॉलिशचे वापरलेले चिंध्यांचे बोळे टाकायची. तिच्यातून धूर येत होता आणि बाबा तिच्यात कोपरापर्यंत हात घालून उभे होते.

मी किंचाळले. त्यांनी मागे वळून पाहिलं. हात काळे, बाहीला भोकं. मी टोपली लाथेनं अंगणात ढकलली आणि पाण्याची बादली उपडी केली. आतले बोळे निखाऱ्यासारखे लाल झाले होते.

विचारलं, बाबा, काय केलंत हे? ते टोपलीकडे बघत राहिले. मग अगदी हळू, जसं कुणाला उठवायचं नाही असं, म्हणाले, "चंद्रस जागा आहे, सूनबाई. झोपलेला नाही तो."

चिऊ, त्यांच्या डोळ्यांत ते आपले बाबा नव्हते.

मग त्यांच्या खोलीत गेले. शेजारच्या न्हाणीतल्या बादलीत चार-पाच तेलकट बोळे पाण्यात बुडवून ठेवलेले. म्हणजे ते रोज खालून बोळे चोरून वर आणतात. कशासाठी? पेटवून बघायला आणि मग पुरावा बुडवायला? आणि काड्या तर माझ्याकडे आहेत. मग पेटवलं कशानं? म्हणजे कुठेतरी लपवलेल्या आहेत आणि मला सापडत नाहीयेत. रोज शोधते. गादीची शिवणसुद्धा उसवली.

तुझ्या दादाला सांगितलेलं नाही. अर्धी दारं झालीत, अर्धी बाकी आहेत. त्याला सांगितलं तर तो पहिल्यांदा म्हणेल, बाबा असं करणार नाहीत. आणि दुसऱ्यांदा म्हणेल, बाबांना कुठेतरी ठेवू. पहिलं ऐकून मला राग येईल, दुसरं ऐकून रडू. मिस्त्रीला इतकंच म्हणाले की टोपली नको, यापुढे बोळे जिन्याखालच्या लाकडी पेटीत कोंबून झाकण लावत जा, म्हणजे बाबांच्या हाताला लागायचे नाहीत.

छकुली त्यांच्या मांडीवर बसते तेव्हा मी दारात उभी राहते. काही ना काही निवडत, सोलत. चार डोळे असते तर बरं झालं असतं.

वहिनी

१० मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मुलगी म्हणून, एकदा नर्स म्हणून. मुलीला काही सुचलं नाही, म्हणून नर्स लिहितेय.

आत्ता माझ्या वॉर्डात एक बाई आहे. सासूला विसरायचा आजार. सासूनं गोधडी पेटवली. सासू वाचली. बाई छातीपासून मांडीपर्यंत भाजली आहे आणि सारखं विचारते, सासूबाई जेवल्या का? तिला दोन मुलं आहेत, काचेतून बघतात.

आगीला नातं कळत नाही, वहिनी. बाबा जाणूनबुजून काही करत नाहीत हे मला माहीत आहे. पण आता ते स्वतःचेही राहिलेले नाहीत. म्हणून मी सांगते ते ऐक. त्यांच्या खोलीला बाहेरून कडी लाव. चोवीस तास नको. दुपारी, तू कामात असशील आणि कारखान्यात लक्ष द्यायला कुणी नसेल, तेवढा वेळ. शेगडी, काडी, खडे, काहीही आत ठेवू नकोस. पाण्याचा तांब्या ठेव.

तुला वाईट वाटेल. ते वाईट वाटणं मला दे. मुलगी मी आहे, सांगणारी मी आहे. तू फक्त हात आहेस.

आणि हे छकुलीसाठी कर, बाकी काही मनात आणू नकोस.

चिऊ

१९ मार्च

प्रिय चिऊ,

लावली.

आधी तीन-चार दिवस मनाशी भांडले. तुला शिव्याही दिल्या, लांबून सल्ले द्यायला काय जातं म्हणून. मग एकदा जिन्याखाली वाकून बघताना पाहिलं, पेटीचं झाकण उघडं होतं आणि बाबा पुन्हा बोळे उपसत होते. त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांना पांघरूण घातलं, बाहेर आले आणि कडी चढवली. आवाज होऊ नये म्हणून कडीला हात लावून सावकाश. चोरासारखी.

थोड्या वेळानं काठीचा आवाज आला. ठक ठक. मग, "कोण आहे बाहेर?" मग पुन्हा ठक ठक. मी जिन्यावर बसून होते, तोंडात पदर. शेवटी ते म्हणाले, "माझं काही चुकलं असेल तर सांगा."

घरातला मोठा माणूस, चिऊ. या घरात कुणाची त्यांच्यासमोर बसायची टाप नव्हती.

उघडलं तेव्हा मी खोटं बोलले. वाऱ्यानं दार आपटत होतं म्हणून लावलं, म्हटलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. झाडाचं पान हलत नव्हतं. तुझ्या दादाला सांगितलं की जिन्यावरून पडतील म्हणून दुपारी कडी लावते. तो चंद्रसाच्या धुरानं लाल झालेले डोळे चोळत बरं म्हणाला. छकुलीनं मात्र विचारलं, "आजोबांना शिक्षा केलीय का?"

आता रोजचं झालंय. रोज ठोकतात. रोज ओरडतात, चंद्रस जागा आहे, चंद्रस जागा आहे. मी ऐकते आणि माझं काम करते. माणूस कशालाही सरावतं म्हणतात, ते माझ्या बाबतीत खरं होऊ नये असं वाटतं. पण होतंय.

भाजलेल्या पायावर, भेगांवर बाबा राळेचं मलम करायचे ना, तुपात राळ घोटून? त्याची डबी कपाटात सापडली. वाळून दगड झालीय. टाकवली नाही.

वहिनी

५ एप्रिल

वहिनी,

दादाचा फोन आला होता. चार वाक्यं बोलला. आग लागली, कारखाना निम्मा गेला, बाबा दवाखान्यात आहेत, जिवावरचं टळलं. तुझ्या हाताला लागलंय असं म्हणाला आणि लाइन तुटली. त्यानंतर तुमचा फोन लागतच नाही. शेजारच्या शिंप्याकडे लावला, कुणी उचलत नाही.

दुपारी लागली असं तो म्हणाला.

दुपारी, वहिनी. कडी होती का?

दोन ओळी लिही. डाव्या हातानं लिही, कुणाकडून लिहवून घेऊ नकोस. रजेचा अर्ज टाकलाय. मिळाली नाही तरी येते.

आज पट्टी सोडवताना गाणं आठवेना.

चिऊ

१४ एप्रिल

प्रिय चिऊ,

कडी होती.

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. तळहाताची कातडी अजून नवी आहे. बाबा घरी आलेत, म्हणजे शिंप्याच्या मागच्या दोन खोल्यांत, आम्ही तिथेच राहतोय. खोकतात, पण डॉक्टर म्हणाले छाती साफ होईल. आता सगळं क्रमानं लिहिते. तुझ्या दादालाही इतकं सांगितलेलं नाही.

त्या दिवशी तो आणि मिस्त्री दारांची पहिली खेप गाडीत घालून नाट्यगृहावर गेले होते. छकुली शाळेत. सकाळी घाईघाईत शेवटचा हात मारला होता, त्यामुळे बोळे खूप निघाले, सगळे पेटीत दाबून भरले. मी बाबांना जेवू घातलं, कडी लावली आणि मागच्या अंगणात टर्पेंटाइनचे रिकामे डबे धुवायला बसले.

ठोकणं सुरू झालं. नेहमीपेक्षा जोरात. खिडकीतून आवाज येत होता, "जागा झाला! सूनबाई, तो जागा झाला!" मी खालूनच म्हटलं, आले हो बाबा, एवढं आटपते. आणि डबे धूत राहिले. ते आणखी ठोकत राहिले. मी आणखी एक डबा घेतला. चिऊ, मी ऐकत होते. बहिरी नव्हते. रोजचंच आहे, असं मला वाटलं.

मग ठोकणं थांबलं. आणि मला हायसं वाटलं.

हे वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नाही.

डबा पालथा घालून मान वर केली तर कारखान्याच्या झडपांतून धूर येत होता, काळा आणि दाट. आतून तडतड ऐकू येत होती. चंद्रसाच्या पोत्यांपर्यंत आग पोचली होती. मी पदर हौदात बुडवला, तोंडाला लावला आणि जिन्याकडे धावले. जिन्याखालची पेटी नव्हतीच, तिथे नुसता जाळ होता आणि तो पायऱ्यांना खालून चाटत होता. वर जाताना कठडा धरला. बाबांनीच कधी काळी त्याला व्हार्निश लावलेलं, ते फुगून त्याला फोड आले होते. तो हात तिथेच पोळला.

कडी निघेना. बाबा आतून दाराला टेकून बसले होते, त्यांच्या भारानं ती घट्ट बसली होती. मी ओरडले, बाबा, मागे व्हा. उत्तर नाही. पुन्हा ओरडले. मला वाटलं संपलं. मला वाटलं, मी मारलं यांना. मग त्याच पोळलेल्या हातानं खालून ठोसे मारले, चार, पाच, किती ते माहीत नाही, तेव्हा ती उडाली.

दार ढकललं तसे ते बाजूला कलंडले. शुद्धीवर होते. तोंडावर ओला पंचा होता आणि दाराच्या फटीपाशी तांब्यातलं सगळं पाणी ओतलेलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "हळू. भिंतीकडून उतर. मधे पाय देऊ नकोस." मी त्यांना माझ्या पाठीमागे घेतलं, भिंतीला घासत उतरलो. शेवटच्या दोन पायऱ्या उरल्याच नव्हत्या. शिंपी आणि त्याची बायको खाली येऊन थांबले होते, त्यांनी झेलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आगीच्या बंबाचे साहेब आले. राखेत काठीनं उकरत त्यांनी विचारलं, तेलाचे बोळे कुठे टाकता? तुझ्या दादानं पेटीची जागा दाखवली. ते म्हणाले, "जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवा खाऊन वाळतं. हवा खाताना तापतं. बोळा पसरून टाकला तर ऊब निघून जाते. कोंबून ठेवला तर आतल्या आत साठते आणि स्वतःच पेटते. काडी लागत नाही."

काडी लागत नाही.

तुझा दादा खाली बसला. म्हणाला, लहानपणी बाबा प्रत्येक बोळा पाण्याच्या बादलीत टाकायला लावायचे, नाहीतर तारेवर एकेक पसरायला. मला वाटायचं, टापटिपीचा सोस आहे.

म्हणजे टोपलीत हात घालून ते आग लावत नव्हते, विझवत होते. न्हाणीतली बादली पुरावा लपवायला नव्हती. त्यांना शब्द सापडत नव्हते. जे सापडले ते ऐकून मला त्यांचीच भीती वाटली, आणि त्यांचा हात पोचू नये म्हणून बोळे पेटीत कोंबायला मी सांगितलं. ती पेटी नेमकी त्यांच्या खोलीखाली, एकुलत्या एका जिन्याच्या पोटात. आणि वरून कडी.

चटई मात्र त्यांनीच जाळली होती. तेही खरं आहे. ते निरुपद्रवी आहेत असं आजही मला म्हणता येत नाही. यामुळे सोपं होईल असं वाटलं होतं. होत नाही.

वहिनी

२२ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचलं आणि पहिला विचार असा आला, की कडी लाव असं मी लिहिलेलं पत्र आगीत जळालं असेल तर बरं. इतकी मी चांगली. नंतर लाज वाटली.

ते वाईट वाटणं मला दे, असं लिहिलं होतं मी. किती सहज लिहिलं. असं देता-घेता येत नाही हे आता कळतंय. तू ठोसे मारत होतीस तेव्हा मी इथे चहा पीत बसले असेन.

मी त्या घरात वाढले. तारेवर वाळत घातलेले ते बोळे मी रोज पाहिले आहेत. शाळेतून येताना त्यांच्याखालून वाकून जायचे. तुझ्या पत्रात बोळे बुडवलेल्या बादलीबद्दल वाचलं तेव्हा मला ते आठवायला हवं होतं. नाही आठवलं. मला फक्त माझा वॉर्ड दिसत होता. जिथे तिथे मला भाजलेली माणसंच दिसतात, वहिनी, आणि त्यांच्यामागे कुणीतरी पेटवणारा.

दादाला तू एकटीनं सांगू नकोस. मी रविवारी निघते. रजा पंधरवड्याची मिळाली. आल्यावर दोघी मिळून सांगू. कडी लावायला मी सांगितलं हे मी माझ्या तोंडानं सांगणार.

हात कोरडा ठेव. नव्या कातडीला ताण देऊ नकोस. लिहू नकोस आता.

चिऊ

११ जून

प्रिय चिऊ,

तू गेल्यावर घर, म्हणजे हे उसनं घर, दोन दिवस सुनं वाटलं. छकुली तुझ्या उशीवर झोपते.

तुझ्या दादाबद्दल विचारलं होतंस. त्या संध्याकाळी आपण दोघींनी सांगितल्यावर तो जो गप्प झाला, तो तू गेल्यावरही आठवडाभर गप्पच होता. मला वाटलं, आता कधीच बोलणार नाही. मग एका सकाळी पाना-पेचकस घेऊन आला आणि या खोल्यांच्या सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या काढून टाकल्या. शिंप्याची परवानगीसुद्धा विचारली नाही. स्क्रू खिशात टाकले आणि मला म्हणाला, चहा टाकतेस का? त्यानंतर बोलतो. पूर्वीइतकं नाही, पण बोलतो. नाट्यगृहवाल्यांनी मुदत वाढवून दिली. उरलेली दारं मिस्त्री उघड्या अंगणात करतोय आणि बोळे तारेवर असतात, एकेक, मोकळे पसरलेले.

बाबांना आग आठवत नाही. डॉक्टर म्हणाले होते तसंच. पण अंगाला काहीतरी आठवतंय. बंद दार चालत नाही. न्हाणीचंसुद्धा नाही. वाऱ्यानं दार लागलं की उठून उघडतात आणि मधे खुर्ची ठेवतात. मीही त्यांच्याइतकीच घाबरट झालेय. दिवसातून कितीतरी वेळा खोल श्वास घेऊन हवा हुंगते. ते खडा उचलताना दिसले की हातातलं काम टाकते. शेजारी जाऊन बसते फक्त. दिवसभर कुणीतरी त्यांच्याजवळ असतं. शिंप्याची बायको, मी, छकुली आळीपाळीनं. दमायला होतं.

काल दुपारी मी त्यांच्याजवळ शिवत बसले होते. ते दाराकडे बघत होते. अचानक स्वच्छ आवाजात, अगदी पूर्वीसारखं म्हणाले,

"सूनबाई, माझ्या खोलीचं दार कुणीतरी बाहेरून लावायचं. कोण लावायचं?"

सुई बोटात गेली. छकुली शाळेत होती, दादा अंगणात. कुणी ऐकणारं नव्हतं. वाऱ्यानं, असं म्हणायला सोपं होतं.

"मी लावायचे, बाबा," म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळखून की न ओळखता, ते कळेना.

"मग उघडलं कोणी?"

"मीच."

त्यांनी मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. "मग झालं तर," म्हणाले आणि खुर्चीत पाठ टेकून डोळे मिटले.

मी रडले, चिऊ. बऱ्याच दिवसांनी. वाटलं, सुटले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी घास हातात धरला आणि पुन्हा तेच विचारलं. कोण लावायचं? या वेळी दादा समोर होता. मी पुन्हा तेच सांगितलं. या वेळी ते "मग झालं तर" म्हणाले नाहीत. घास ताटात ठेवला आणि उठून गेले.

आज सकाळी तिसऱ्यांदा विचारलं. उद्याही विचारतील. दर वेळी त्यांना ते पहिल्यांदाच कळतं, आणि दर वेळी त्यांचा चेहरा काय होईल ते मला माहीत नसतं. दादा म्हणतो, सांग ना काहीतरी दुसरं, त्यांना काय कळतंय. मला ते जमायचं नाही. एकदा वाऱ्याचं नाव सांगून झालंय.

ते हाक मारतायत. जाते.

तुझी,
वहिनी